मधला नंबर

पहिले पंधरा दिवस रिसालदारांनी मला घोड्याला हात लावू दिला नाही. तबेल्याच्या मागे सुतार वापरतात तसली एक लाकडी घोडी होती. तिच्यावर जुनं खोगीर आवळून त्यांनी मला बसवलं आणि दोन्ही गुडघ्यांखाली एकेक कांदा ठेवला. कांदेही साधे नव्हेत. नामपूरच्या बाजारात नासके म्हणून बाजूला काढलेले, मऊ पडलेले कांदे त्यांचा भाऊ पोतं भरून पाठवायचा. गुडघा सैल सोडला की कांदा घरंगळायचा, आवळला की फुटायचा. दोन्ही गुन्हेच. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि केवळ अंगात मस्ती होती म्हणून घोडेस्वारी शिकायला आलेला. पहाटे पाचला कांद्यावर बसायचं आणि सातला कारखान्याच्या बसमध्ये. बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी राहायला लागली. मी रिसालदारांकडे तक्रार केली, तर म्हणाले, "मंग ऐसपैस बस."

त्यांचं खरं नाव सांगत नाही. सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं, आणि नाशिकात त्यांना त्या नावाने कोणी ओळखतही नव्हतं. फौजेतून रिटायर होऊन ते इथे आले आणि गंगापूर रस्त्याला, द्राक्षांच्या बागांमागे, एका लहानशा रायडिंग क्लबात उस्ताद झाले. क्लब म्हणजे एक पत्र्याचा तबेला, सात घोडी, एक रिंगण आणि एक कमिटी. त्यातली कमिटी सोडून बाकी सगळ्यावर त्यांचा जीव होता. बागलाणातला माणूस, त्यामुळे बोलणं निम्मं फौजी हिंदुस्तानी आणि निम्मं अहिराणी. माझी आई सटाण्याची, म्हणून मला ते सगळं कळायचं. बाकीचे लोक त्यांच्या मिशीच्या हालचालीवरून अंदाज बांधायचे.

माणसाला ते अरे-तुरे करत, मग समोर कलेक्टर का असेना. घोड्याला मात्र अहो-जाहो. "तुम्ही जरा सरका", "पाय द्या बरं", असं चाललेलं असायचं. मी एकदा एका घोड्याला "ए, हो मागे" म्हणालो तर मला तबेल्यातून बाहेर काढलं. "नौकरी कराले तू येल शे. त्या आठला मालक शेतस," म्हणजे इथले मालक घोडे आणि मी नोकर, असं सांगून अर्धा तास उन्हात उभं केलं. घोडा उडीपाशी अडला, असं म्हणायलाही बंदी होती. घोडा थांबला की रिसालदार म्हणत, "त्यास्नी इचारं, तुले जबाब उना नही." घोडा प्रश्न विचारतो आणि स्वाराला उत्तर येत नाही, एवढंच. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही घोडा चुकलेला त्यांनी पाहिला नव्हता. चुकलेले स्वार मात्र त्यांना रेजिमेंटसकट पाठ होते.

माणसांनाही ते घोड्यांच्याच मापाने मोजत. एकदा त्यांचा गुडघा दुखायला लागला. मी बळेच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून गुडघा चाचपायला सुरुवात केली, तशी रिसालदार म्हणाले, "डॉक्टर, बठेल घोडानं लंगडणं दिसस का? पहिले दौडाडीसन देख." आणि उठून दवाखान्याच्या बाहेरच्या पडवीत दुडक्या चालीने त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, एक डावीकडून वळून, एक उजवीकडून. बाकावरच्या बायकांनी भराभर पाय वर घेतले. डॉक्टर दारात उभे राहून खरोखरच बघत होते. शेवटी म्हणाले, दुखणं गुडघ्यात नाही, कमरेतून येतंय. तेव्हापासून रिसालदारांच्या मते नाशिकात डॉक्टर एवढा एकच.

ऐंशी साली माझं लग्न झालं, त्यातही त्यांनी घोटाळा केलाच. वरातीचा घोडा आला तर सगळे बँडकडे बघत होते, हे घोड्याचं तोंड उघडून बघायला लागले. काटेरी लगामाने ओठांचे कोपरे सोलून निघाले होते. त्यांनी शांतपणे लगाम काढला आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातला. घोडेवाला ओरडायला लागला, माझे सासरे मध्ये पडले, मुहूर्त जवळ आला. रिसालदार एवढंच म्हणाले, "नवरदेवले पाय शेतस." मी मुंडावळ्या बांधून पायी चाललो. माझ्या शेजारून घोडा मोकळा चालत होता आणि अधूनमधून माझ्या हारातली फुलं खात होता. मांडवात पोचेपर्यंत माझ्या गळ्यात नुसता दोरा उरला. सासऱ्यांनी विचारलं, घोडाही जेवणार आहे का? तो जेवला. बायको अजूनही या गोष्टीचा विषय काढते, आणि माझ्या बाजूने काढत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या आधीचं, आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यातलं.

येवल्याला दर मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो. रिसालदार तिथे काही घ्यायचं नसतानाही जायचे, जसं कोणी आत्याकडे जावं. आदल्या वर्षी एकदा तिथे त्यांना एक तांबडा घोडा दिसला. चार वर्षांचा, बरगड्या मोजता येतील असा. एक टांगेवाला त्याचा सौदा करत होता. बाजाराच्या गोंगाटात बाकीची घोडी कान पाडून उभी होती, हा एकटा कान टवकारून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. रिसालदारांनी टांगेवाल्याला बाजूला सारलं. लॉरीत ओळख होत नाही म्हणून ते त्याला येवल्याहून नाशिकला चालत घेऊन आले. तीन दिवस लागले. सगळ्या वाटेत ते एकदाही त्याच्यावर बसले नाहीत.

घोड्याने नाव कमवावं लागतं, असं त्यांचं मत होतं. तोवर तबेल्याच्या पाटीवर त्यांनी खडूने "नवीन" एवढंच लिहिलं, आणि पुढे तेच चिकटलं. वर्षभर मी आणि रिसालदार मिळून नवीनला शिकवत होतो. म्हणजे ते शिकवत होते, नवीन शिकत होता आणि मी वर बसलेला होतो. त्यात पाण्याचं शिक्षण ही त्यांची खास पद्धत. नवी घोडी पाण्यात पाय घालायला भितात. रिसालदार रोज संध्याकाळी नवीनला घेऊन गोदावरीत उतरायचे. एक तांब्या स्वतःवर, एक नवीनवर, अशी दोघांची आंघोळ चालायची. मी काठावर कपडे सांभाळायला. शेवटचा तांब्या नवीनच्या माथ्यावर ओतून रिसालदार खच्चून ओरडायचे, "हर हर गंगे!" आणि मग दोघे बाहेर यायचे. महिन्याभरात नवीनला पाणी इतकं आवडायला लागलं की नदी दिसली की तो पळत सुटायचा.

त्या हिवाळ्यात देवळालीच्या बाजूच्या माळावर फौजेच्या लोकांनी नव्या घोड्यांसाठी तीन दिवसांची स्पर्धा ठेवली. पहिल्या दिवशी आखलेल्या चौकोनात घोड्याच्या चाली दाखवायच्या, त्याला ड्रेसाज म्हणतात. दुसऱ्या दिवशी माळरानातून ओंडके, चर, पाणी असं सगळं पार करत दौड. तिसऱ्या दिवशी रिंगणातल्या रंगीत दांड्यांवरून उड्या. तिन्ही दिवस तोच घोडा, तोच स्वार. मला उतरायचंच होतं. कारखान्याच्या अख्ख्या बसला मी सांगून ठेवलं होतं, आणि कपाटात कप ठेवायला आईची एक बरणीही हलवली होती.

क्लबाचे सेक्रेटरी मूळचे कोकणातले. माणूस सज्जन, पण घोड्याकडे बघितलं की त्यांना आधी चारा आठवायचा. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की, नवीन तीन दिवस पुरे करू शकला नाही तर त्याला परत येवल्याला धाडायचं, कमिटीचं ठरलंय. आणि पहिल्या दोघांत आला तर मुंबईचे एक शेठ त्याला घेतील, त्यांच्याशी बोलणं झालंय. हे शेठ अशा स्पर्धांतला पहिला आणि दुसरा घोडा उचलायचे आणि लगेच मोठ्या उड्यांना घालायचे. दोन-तीन वर्षं कप मिळायचे, मग घोड्याचे पाय जायचे.

बाहेर आल्यावर रिसालदार मला म्हणाले, "आजून कवळं हाड शे त्यास्नं. पहिला दोन नंबर शेठना. जो पुरं करस नही तो टांगाना. मधला नंबर आपला."

मधल्या नंबरासाठी तालीम घेणारा उस्ताद मी दुसरा पाहिला नाही. मी तोंडाने हो म्हणालो. मनात मी बरणीची जागा बघत होतो.

पहिल्या दिवशी आम्ही नऊ जणांत सहावे आलो. परीक्षकाने शेरा लिहिला होता की घोडा चांगला आहे, स्वार अकारण हसतो. रिसालदारांनी आनंदाने आजूबाजूच्या सगळ्यांना चहा पाजला. शेजारच्या लेफ्टनंटने विचारलं, पहिले आलात का? रिसालदार ऐटीत म्हणाले, "छठा!" लेफ्टनंटने चहात बघत अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी माळावर पाणी होतं. बांध घालून अडवलेलं, घोड्याच्या गुडघ्याएवढं. अलीकडे एक ओंडका, त्यावरून थेट पाण्यात उडी, मग पलीकडच्या बांधावर चढून पुढे. आमच्या आधीचे घोडे ओंडक्यापाशी येऊन गपकन थांबत होते. कुणी दोनदा थांबला, कुणी तीनदा थांबून बाद झाला, एक स्वार एकटाच पाण्यात गेला. नवीनने लांबूनच पाणी बघितलं आणि असा सुसाट सुटला की मला त्याला आवरावं लागलं. ओंडका त्याला दिसलाही नसेल. पाण्याचे फवारे उडाले, काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि नवीन थांबला. पाण्याच्या मधोमध, चारी पाय नीट टेकून, मान जराशी खाली करून तो आंघोळीची वाट बघत उभा राहिला.

मी टाचा मारल्या, जीभ टाळूला लावून टकटक केलं. नवीनने एक कान मागे करून ऐकून घेतलं, आणि तांब्या येत नाही असं बघून पुढच्या पायाने स्वतःच पाणी उडवायला सुरुवात केली. घोडा असं करायला लागला की पुढची पायरी लोळण्याची, हे मला माहीत होतं. काठावर घड्याळ घेतलेला हवालदार एकदा घड्याळाकडे आणि एकदा आमच्याकडे बघत होता. मी दोरापलीकडे रिसालदारांना शोधलं. बाहेरून कुणी स्वाराला शब्द जरी सांगितला तरी स्वार बाद. रिसालदारांनी गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला होता. माझी नजर गेली तशी, चुकून डोळ्यांनी तरी काही सांगून जाऊ म्हणून, त्यांनी पाठ फिरवली.

त्या पाठीकडे बघताना मला नदी आठवली. काठावर दोन मेजर, त्यांच्या बायका, रंगीत छत्र्या. मी लाजून हळूच म्हणालो, "हर हर गंगे." नवीन ढिम्म. रिसालदार ते कधी हळू म्हणत नसत. मग मी डोळे मिटले आणि छाती फुटेल एवढ्याने ओरडलो. नवीन एका झेपेत बांधावर होता. मागून काठावरच्या कुणीतरी जवानाने सवयीने साथ दिली, "हर हर गंगे!"

संध्याकाळी फळा लागला. नऊतले चार बाद, बाकीच्यांचे पाण्यापाशी थांबल्याबद्दल भरपूर गुण कापलेले. आमचा गेला होता तो फक्त वेळ. आम्ही पहिले होतो. मी हवेत. रिसालदारांनी फळा तीनदा वाचला आणि पालथ्या बादलीवर बसले. "हाई काय करी ठेवं तू?" मी म्हणालो, मी काही नाही केलं, घोड्याने केलं.

तेवढ्यात पांढरी हॅट घातलेले शेठ आले. त्यांनी नवीनचे पाय चाचपले, दात बघितले, मानेवर थाप मारली. "अच्छा है. कल देखते हैं," म्हणाले आणि गेले. रिसालदारांनी थाप मारलेली जागा ओल्या फडक्याने पुसून काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी पाचही घोडे दौडवून बघितले आणि पास केले. मी रिसालदारांना बाजूला घेऊन विचारलं, "एखादी दांडी पाडू का?" ते इतके भडकले की मी मागे सरलो. "तू पाडशी आनि शिकतीन त्या! दांडी पडनी तरी चालस, हाई त्यास्ना डोकामा जन्मभर बठी. घोडाले खोटं शिकाडानं नही."

"मग काय करू?"

ते बराच वेळ नवीनचा पट्टा आवळत राहिले. आधीच आवळलेला होता. मग म्हणाले, "माले इचारू नको. मी उस्ताद शे. स्वारले 'हार' म्हणाना माले हक नही." आणि बादली उचलून पाणी आणायला निघून गेले. मधल्या नंबराचा हुकूम त्यांनी असा माझ्याच गळ्यात टाकला, याचा मला रागच आला.

उड्यांना शेवटून सुरुवात होते, म्हणजे पहिला स्वार सगळ्यात शेवटी. माझी पाळी येईपर्यंत हिशेब सरळ होता. नीट गेलो तर कप माझा. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की गुण कापले जात, आणि दुप्पट वेळ लागला की बाद, म्हणजे नवीन टांग्याला. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तिसरा नंबर होता आणि तो मैदानावर दिसत नव्हता.

घंटा झाली. पहिल्या चार उड्या नवीनने अशा मारल्या की मी नुसता बसून होतो. दोन्ही कान पुढे, पुढची दांडी स्वतःच शोधत चाललेला. खरं सांगतो, त्या चार उड्यांत मी ठरवून टाकलं होतं. उस्तादाने मनाई केलेली नव्हती, घोडा खुशीत होता, आणि माझ्या आयुष्यात मी आजवर कशातच पहिला आलो नव्हतो. मग लांबच्या वळणावर मला पाहुण्यांचा मांडव दिसला. मांडवात शेठ उभे होते आणि आमच्या सेक्रेटरींचा हात हातात घेऊन हलवत होते. अजून पाच उड्या बाकी होत्या आणि नवीन विकलाही गेला होता.

मी खोगिरात खोल बसलो आणि लगाम जरा धरला. नवीनने एक कान मागे केला. मी धरूनच राहिलो. तो हळू झाला. आणखी हळू. वरातीत चालतात तशा चालीने आम्ही पाचव्या उडीकडे निघालो. तेवढ्या चालीतूनही त्याने ती मांजरासारखी सहज पार केली. लोक हसायला लागले. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला की या स्वारांना बहुतेक जेवणाची घाई नाही. मी मनात आकडे मोजत होतो, पण आकडे नवीनच्या टापांत मिसळून गेले. शेवटच्या उडीपाशी मला अजिबात कळत नव्हतं की मी तिसरा आहे की बाद. नवीनने उडी मारली. दांडी हललीसुद्धा नाही.

निकाल सांगायला त्या माणसाने मुद्दाम वेळ लावला असं मला वाटलं. उड्या निर्दोष, वेळेचे गुण कापून नंबर तिसरा. तिसऱ्याला कप नव्हता. एक टर्किश टॉवेल होता.

मी उतरतो न उतरतो तोच रिसालदार गर्दी हटवत आले. मागोमाग शेठ आणि सेक्रेटरी. रिसालदारांचा चेहरा लालबुंद, मिशा थरथरताहेत. त्यांनी माझ्या हातातून लगाम हिसकावला, माझ्या नाकासमोर बोट नाचवलं आणि सबंध माळाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले. शेठ मान हलवून सेक्रेटरींना म्हणाले, "सही है, ऐसे सवार को डाँटना ही चाहिए." सेक्रेटरींनीही मान हलवली. अहिराणी त्यांना तेलुगूइतकीच कळायची.

रिसालदार ओरडत होते, "गधडा! आज तुनी मनी लाज राखी! तुना सारखा स्वार मी बत्तीस वरीसमा देखा नही! संध्याकाय मना घर जेवाले ये! तुनी काकू सकायपास्नं खापरनी पुरनपोई करी राहिनी! आनि मुंडी खाले घाल, हासू नको, शेठ देखी राहिना!"

मी मान खाली घातली. काकू सकाळपासून पोळ्या करत होत्या, म्हणजे मी दांडीबद्दल विचारलं त्याच्याही आधीपासून. मला पुढचं काही दिसेना. रिसालदारांचं ओरडणं चालूच होतं.

"बस करो उस्ताद," शेठ शेवटी म्हणाले, "लड़का रो रहा है."